माणदेशात मधपेट्या मार्चमध्ये वाटू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात मागच्या आठवड्यात आतल्या पानावर एक छोटी बातमी होती. माण-खटाव भागातल्या डाळिंबवाल्या शेतकऱ्यांना अनुदानावर मधपेट्या मिळणार आणि वाटप मार्चअखेर पूर्ण होणार, अशी. पेट्या मिळाव्यात ही माझी कित्येक वर्षांची इच्छा. पण ‘मार्चअखेर’ हा शब्द वाचला आणि मला राहवलं नाही. फाल्गुन-चैत्रात परमुलखातली भरलेली पेटी आमच्या भागात आणणं म्हणजे तान्ह्या लेकरांचं घर ऐन टंचाईत उचलून उघड्या माळावर नेऊन ठेवणं. दोन पेट्या घालवून मी हे शिकले आहे.

मी दहिवडीच्या बाजूला एका वाडीत राहते. चार एकर रान, त्यात पाऊण एकर डाळिंब, बाकी बाजरी, शाळू, थोडी करडई. घरामागं बोरीच्या दोन झाडांखाली अकरा मधपेट्या आहेत. माझं माहेर मात्र महाबळेश्वर तालुक्यातल्या कांदाटी खोऱ्यातलं, शिवसागर जलाशयाच्या पलीकडचं. तापोळ्याहून लाँचनं जायचं. आमचे आबा मधपाळ होते. घराभोवती पंधरा-वीस पेट्या, सगळ्या सातेरीच्या, म्हणजे ढोलीत-कपारीत राहणाऱ्या आपल्या देशी मधमाशीच्या. मृगाचा पाऊस एकदा लागला की माशीला आठ-आठ दिवस दाराबाहेर पडता यायचं नाही. आबा प्रत्येक पेटीवर इरलं घालायचे, लावणीच्या बायका पाठीवर घेतात तसलंच. पावसाची सर थांबली की पेटीला कान लावायचे. आतून बारीक गुणगुण ऐकू आली की म्हणायचे, “हाय, जीव हाय.” आणि पुढच्या पेटीकडं जायचे. भिजत त्यांच्या मागून फिरणारी मी सात-आठ वर्षांची असेन.

माहेर आणि सासर एकाच जिल्ह्यात. पण महाबळेश्वरच्या डोंगरावर वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि आमच्या माणात पाचशेच्या आसपास, तोही पडला तर. महाबळेश्वर ते दहिवडी रस्त्यानं सव्वाशे किलोमीटर असेल. एवढ्या अंतरात नाचणीची भाकरी जाऊन बाजरीची येते, उतरत्या कौलांची घरं जाऊन माळवदाची येतात. आंब्या-जांभळाखालून निघालेला माणूस बाभळी-बोरीखाली पोचतो. हे सगळं बदलतं आणि पेटीतली माशी तेवढी सगळीकडं सारखीच असेल, असं आपण धरून चालतो. मीही तसंच धरलं होतं.

२००५ च्या मे महिन्यात मी आबांकडून दोन भरल्या पेट्या आणल्या. रात्री दारं जाळीनं बंद केली, पहाटेच्या लाँचनं तापोळा, तिथून जीप. ऊन तापायच्या आत साताऱ्याच्या पुढं यायचं म्हणून वाटेत चहालासुद्धा थांबलो नाही. माश्या सुखरूप आल्या. पहिला पाऊस झाला, माळावर चार रानफुलं दिसायला लागली. श्रावणात बाजरी निसवली, तिचा पराग न्यायला आग्या मोहोळाच्या माश्या सकाळी सकाळी शेतात हजर. माझ्या दोन पेट्या मात्र गप्प. उघडून बघितलं तर राणी होती, धडधाकट होती, पण अंडी घालायचं तिनं जवळजवळ थांबवलं होतं. तळहाताएवढ्या जागेत पिल्लं. बाहेर अन्न असताना ही अशी हात आखडून का बसली, मला कळेना. आबांना विचारलं तर ते म्हणाले, “इकडं ती श्रावणात अशीच असती.”

मग थंडी आली. पौष गेला, माघ लागला आणि दोन्ही राण्यांना एकदम जोर आला. दर आठवड्याला पोळ्यावर पिल्लांचा घेरा वाढत गेला. मला आनंद झाला, शेजारणींना बोलावून चौकटी दाखवल्या. फाल्गुनाच्या शेवटाला पेट्या माश्यांनी ओसंडून वाहत होत्या. त्याच सुमारास आमच्याकडची करडई काढून झाली, शाळू खळ्यावर आला आणि शिवार पिवळं पडलं. चैत्रात कडुनिंब फुलला तेवढाच आधार. दुपारी पारा चाळिसाच्या पुढं. खाणारी तोंडं पेटीभर आणि आणायला काही नाही. पाडव्यानंतर तीन आठवड्यांनी एका दुपारी पहिल्या पेटीतल्या माश्या निघून गेल्या. आत बघितलं, एक अंडं नव्हतं, मधाचा थेंब नव्हता. होतं ते आवरून, खाऊन, ठरवून गेल्या होत्या. सातेरीची ही रीतच आहे, भागेना झालं की ती घर सोडते. दुसरी पेटी पिल्लांच्या पायी अडकून राहिली. तिथं उपासमार झाली आणि वैशाखात मेणकिड्यानं पोळ्यांची जाळी करून टाकली. ती पोळी जाळताना मला जो अपराध वाटला तो अजून आहे.

त्यानंतर महाबळेश्वरला मधपाळांचं प्रशिक्षण घेतलं आणि तिथं एक हिशेब शिकले. तो सगळ्यांना कळावा म्हणून सविस्तर देते. सातेरीच्या अंड्यातून पूर्ण माशी बाहेर यायला एकोणीस-वीस दिवस लागतात. तीन दिवस अंडं, मग अळी, मग मेणाच्या टोपीखाली कोष. बाहेर आलेली माशी लगेच फुलावर जात नाही. आधी घरं साफ करते, अळ्यांना भरवते, मेण काढते, पोळं बांधते, दारावर पहारा देते. असे आणखी दोन-तीन आठवडे घरात गेल्यावर ती रानात जाते. ऐन कामाच्या हंगामात तिचं सगळं आयुष्य दीड महिन्याच्या आसपास. म्हणजे आज फूल उमललं आणि राणीनं आज अंडी वाढवली, तर त्या अंड्यातली माशी रानात जाईपर्यंत फूल गळून गेलेलं असतं. बहर पकडायचा तर राणीनं चाळीसएक दिवस आधी सुरुवात करायला हवी. कांदाटीत जांभूळ फाल्गुन-चैत्रात फुलतं, पाठोपाठ हिरडा, गेळा. म्हणून आबांची राणी माघात जोर धरायची. जांभळाला तेव्हा धड कळीही नसते. ती हा जोर न दिसणाऱ्या बहरासाठी धरते. आईकडून, आजीकडून आलेलं वेळापत्रक तिच्या अंगात असतं, थोडं बाहेरच्या परागावर, ऊन-थंडीवर ती ते पुढंमागं करते. माझ्या दोन राण्यांनी काही चूक केली नव्हती. माणदेशात बसून त्या जांभळाची वाट बघत होत्या.

माझा मुलगा कृषी पदवीधर आहे. त्याला हे सांगितलं तेव्हा त्यानं फ्रान्समधली एक गोष्ट शोधून वाचून दाखवली. तिथं नैर्ऋत्येला लांद नावाचा भाग आहे. त्या माळावर उन्हाळा सरताना, ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास, हेदर नावाचं झुडूप फुलतं. तिथल्या माशीची पिल्लं त्या बहराच्या बेतानं वाढतात. पॅरिसच्या बाजूची माशी मात्र तिकडच्या बहराप्रमाणं आधीच वाढून आधीच ओसरते. लूव्हो नावाच्या शास्त्रज्ञानं १९६० च्या दशकात दोन्हीकडच्या वसाहतींची, म्हणजे राणीसकट माश्यांच्या अख्ख्या कुटुंबांची, अदलाबदल केली. लांदची माशी पॅरिसला नेली तरी लांदच्या वेळेलाच वाढली, पॅरिसची लांदला नेली तरी पॅरिसच्या वेळेला. जात एकच, देश एकच, पण घड्याळं दोन. हे ऐकताना मला रडू आलं. ज्या गोष्टीसाठी मी वर्षभर स्वतःला बोल लावत होते, ती दुसऱ्या कुणीतरी माझ्या कितीतरी आधी नीट मोजून ठेवली होती.

युरोपात २००९ ते २०१२ मध्ये याहून मोठा प्रयोग झाला. ११ देशांत २१ ठिकाणी सहाशेवर वसाहती ठेवल्या, १६ निरनिराळ्या वंशांच्या. काही त्याच मुलखातल्या, काही परमुलखातल्या, आणि औषधोपचार न करता कोण किती टिकतं ते बघितलं. स्थानिक राणीच्या वसाहती सरासरी ८३ दिवस जास्त जगल्या. शेतकऱ्याला ८३ दिवस म्हणजे काय ते सांगायला नको. आमच्याकडं बाजरी तेवढ्यात पेरून काढून होते.

आता इथल्या माशीबद्दल सांगते. आमच्या वाडीच्या जुन्या विहिरीत पायऱ्यांच्या बाजूला दगडांची एक कपार आहे. तिथं सातेरीचं मोहोळ. सासूबाई म्हणायच्या, “मी लगीन होऊन आले तवापास्नं हाय ते.” १९७२ च्या दुष्काळात विहीर कोरडी पडली तेव्हा मोहोळ उठून गेलं होतं आणि पुढच्या पावसाळ्यानंतर त्याच कपारीत पुन्हा माश्या येऊन बसल्या, असंही त्या सांगायच्या. पेट्या गेल्यानंतरच्या दिवाळीत मी आणि घरचे दोराला धरून त्या कपारीशी उतरलो. पोळी अलगद कापून चौकटींना केळीच्या सोपटानं बांधली, राणी सापडेपर्यंत संध्याकाळ झाली. निम्मं पोळं मुद्दाम तिथंच ठेवलं.

ही विहिरीची माशी मी पहिल्या वर्षी नुसती बघत राहिले. दर अमावास्येला आणि पौर्णिमेला पेटी उघडून पिल्लांची किती पोळी आहेत ते वहीत लिहायचे. ती वही अजून आहे, तिच्या कडा मधानं चिकट झाल्यात. हिचं वर्ष निराळंच निघालं. पहिल्या पावसानंतर ती हळूच उठते. श्रावणात, माहेरची माशी जेव्हा दार लावून बसलेली असते, तेव्हा ही बाजरीचा आणि बाभळीचा पराग आणत असते. भाद्रपद-आश्विनात बोर फुलते. बोरीच्या फुलाला माणसं नाक मुरडतात, माशी नाही. मग हिवर, मग शाळूचा पराग, मग करडई. पौष-माघात पेटी सगळ्यात भरलेली. आणि फाल्गुन लागला की, बाहेर अजून थोडं काही फुलत असतानाच, राणी हात आखडता घेते. कडुनिंबाचा मध त्याआधी तयार झालेल्या माश्या गोळा करतात. वैशाखात पेटीत दोन पोळी भरतील एवढ्याच माश्या, पण शांत. खाणारी तोंडं कमी, साठा पुरेसा. पळून जायची भाषा नाही.

कडक उन्हात ती घर कसं राखते तेही बघण्यासारखं असतं. पिल्लांभोवती चौतीस-पस्तीस अंश उष्णता राहावी लागते. बाहेर बेचाळीस झालं तरी आत तेवढंच हवं. मग माश्या पाणी आणतात, त्याचे बारीक थेंब घरांच्या कडांवर पसरतात आणि पंखांनी वारा घालतात. म्हणजे आपलं वाळ्याच्या तट्टीचं काम. दारात उभं राहून वारा घालताना सातेरी तोंड बाहेरच्या बाजूला करते. शेजारच्या गावातल्या एका बागायतदाराकडं मेलिफेरा, म्हणजे युरोपातून आलेल्या माश्या आहेत, त्या आतल्या बाजूला तोंड करून वारा घालतात. त्यांच्या पेटीसमोर पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा माझ्या लगेच लक्षात आलं. माझ्या पेट्यांजवळ मी परातीत खडे घालून पाणी ठेवते, वर ओलं पोतं. विहीर तळाला गेली की आधी त्या परातीत पाणी जातं.

माझं म्हणणं पारखून बघावं म्हणून २०११ मध्ये भावाकडून पुन्हा एक पेटी आणली, या वेळी दिवाळीनंतर, आणि विहिरीच्या माशीशेजारी तीन हातांवर ठेवली. तीच बोर, तेच पाणी. पहिल्या माघात माहेरच्या पेटीत पिल्लांची पाच पोळी आणि विहिरीच्या पेटीत चार. पण चैत्री पौर्णिमेला माहेरच्या पेटीत अजून चार होती आणि विहिरीच्या पेटीत एक. त्या वर्षी मी साखरेचा पाक देऊन देऊन ती जगवली. पुढच्या मार्गशीर्षात तिनं जुनी राणी बदलली. नवी राणी उडाली आणि इथल्याच नरांशी तिचा संग झाला. राणी आयुष्याच्या सुरुवातीला आभाळात अनेक नरांशी संग करते आणि तोच साठा तिला जन्मभर पुरतो. त्यामुळं त्या पेटीत जन्मणारी प्रत्येक कामकरी माशी बापाकडून माणदेशी झाली. त्यानंतरच्या चैत्रात पिल्लांची दोन पोळी. आणखी दोन वर्षांनी राणी पुन्हा बदलल्यावर वहीतले दोन्ही पेट्यांचे आकडे मला वेगळे ओळखू येईनात. एका पेटीवरून सिद्धांत मांडायचा नसतो, हे मला समजतं. पण जी पेटी टिकून राहिली आणि जिची राणी इथं तयार झाली, ती इथली झाली. दर वर्षी बाहेरून तयार राणी आणणाऱ्याला हे कधीच साधणार नाही.

याच जातीची माशी काश्मीरच्या थंडीतही आहे. तिथली अंगानं मोठी असते, बर्फाच्या दिवसांत गोळा करून एकमेकींना ऊब देत बसते. दक्षिणेत डोंगरातली काळसर आणि सपाटीची पिवळसर. युरोपातल्या माशीच्या हिवाळ्यातल्या कामकऱ्या तर दीड महिना सोडून कित्येक महिने जगतात, कारण वसंतात पुन्हा सुरुवात करायला कुणीतरी उरावं लागतं. आमच्याकडं तो बर्फाचा काळ म्हणजे वैशाख आणि कांदाटीत म्हणजे आषाढ. सहज आठवलं म्हणून सांगते, माहेरच्या डोंगरावर कारवी आठ वर्षांनी एकदा फुलते आणि त्या वर्षी घट्ट मध निघतो. तो बहर दोनदा बघायचं भाग्य कुठल्याच माशीला नसतं, राणीलाही नाही. तरी आबांच्या पेट्या कारवीच्या वर्षी कधी चुकल्या नाहीत.

रोगाच्या बाबतीतही इथल्या रक्ताचा उपयोग मी बघितला आहे. १९९१-९२ मध्ये दक्षिण भारतात थाई सॅकब्रूड नावाच्या विषाणूनं सातेरीच्या वसाहती साफ केल्या. पुढं आमच्या खोऱ्यातही तसंच झालं. अळी कोषात जाण्याऐवजी पाण्याच्या पिशवीसारखी होऊन घरातच मरते. आबांच्या अठरा पेट्यांपैकी दोन राहिल्या. ते वर्षभर रानात हिंडले, जांभळाच्या, हिरड्याच्या ढोलीत जी मोहोळं जिवंत होती तेवढीच बघत. त्यांतल्या पाच मोहोळांपासून त्यांनी पुन्हा पेट्या उभ्या केल्या. त्या ढोल्या नसत्या, तर बाहेरून माशी आणून तो धंदा उभा राहिला नसता असं ते शेवटपर्यंत म्हणत. आज त्याच तालुक्यातलं मांघर हे २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव झालं, याचा मला माहेरवाशीण म्हणून फार अभिमान आहे. मांघरच्या घरांभोवती जी माशी आहे ती मांघरच्या पावसाची आहे, हे तिथं जाणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

मेलिफेराला माझा विरोध नाही. १९६२ मध्ये पंजाब-हिमाचलकडं ती आपल्या देशात नीट रुजली, मध जास्त देते, आणि ज्यांच्याकडं ट्रक आहे, पेट्या बहरामागून बहर फिरवायची ताकद आहे, त्यांनी ती जरूर पाळावी. पण पाऊण एकर डाळिंबवाल्या बाईनं पेटी एका बोरीखाली ठेवायची आणि बारा महिने सांभाळायची, तर तिला इथली सातेरीच बरी. सातेरी स्वतःच्या अंगावरचा वरोआ कोळी वेचून काढते, तिचा त्याच्याशी पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध आहे. मेलिफेरासाठी तोच कोळी काळ ठरतो.

आता मूळ मुद्दा. चार वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या वाडीत एका योजनेतून दहा पेट्या आल्या होत्या. तारीख मला पाठ आहे, २६ मार्च. माश्या कुठून आणल्या कुणाला सांगता आलं नाही. फोटो काढले, सह्या घेतल्या. आषाढी एकादशीला मी तिकडं गेले तर नऊ पेट्या रिकाम्या. एकीत कोंबडी अंड्यावर बसवली होती. दहावी टिकली होती ती एका म्हातारबाबांनी दररोज गुळाचं पाणी दिलं म्हणून. मी त्यांना साखरेचा पाक द्यायला सांगितलं, कारण गुळानं माश्यांना हगवण लागते. ते म्हणाले, “ताई, आम्हाला कुणी सांगितलंच न्हाई.” बाकीचे नऊजण आता म्हणतात, आपल्या भागात माशी जगत नाही. आणि हे म्हणताना त्यांच्याच विहिरीत, त्यांच्याच देवळाच्या शिखरात मोहोळ बसलेलं असतं.

आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं, निधी परत जातो, ही अडचण मला समजते. मग मार्चमध्ये रिकाम्या पेट्या द्या. लाकडाला चैत्र-वैशाख बाधत नाही. माश्या मात्र कार्तिकात द्या, म्हणजे बोर, हिवर, शाळू, करडई असे चार-पाच महिने तिला घर लावायला मिळतात, आणि वसाहत जोरात असेल तर मार्गशीर्ष-पौषात राणीही इथंच बदलून घेते. कांदाटी, जावळी, पाटणच्या बाजूला वाटप असेल तर तिथला महिना वेगळा ठरवावा लागेल, आणि तो तिथल्या जुन्या मधपाळांना विचारून ठरवावा. सांगलीकडं आटपाडी, जतचं हवामान आमच्यासारखंच आहे, शिराळ्याचं नाही. जिल्ह्याच्या हद्दीवरून महिना ठरवू नका, पावसाच्या नकाशावरून ठरवा.

आणि माशी इथलीच घ्या. दहिवडी, म्हसवड, विटा, आटपाडी अशा कुठल्याही एका ठिकाणी दहा-बारा चांगल्या स्थानिक वसाहतींपासून राण्या तयार करणारं छोटं केंद्र झालं तर पाच वर्षांत या पट्ट्याला पुरतील एवढ्या पेट्या होतील. त्यासाठी परदेशी तंत्र लागत नाही. राणीच्या अळीला रॉयल जेलीवर, म्हणजे कामकरी माश्या भरवतात त्या दुधाळ खाद्यावर, कसं वाढवून घ्यायचं, सोळाव्या दिवसाच्या आत नवी राणी वेगळ्या पेटीत कशी ठेवायची, हे महाबळेश्वरच्या मध संचालनालयात आणि पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत शिकवायला लोक आहेत. त्यांनी इकडं येऊन आमच्या माश्यांवर शिकवावं, एवढंच मागणं. वाटलेल्या पेट्यांची संख्या छापण्याबरोबर वर्षानं त्यांतल्या किती जिवंत राहिल्या, तीही छापावी. ही विनंती शासनाला आहे तशी आपल्या वार्ताहरांनाही आहे.

शेतकऱ्यांनाही दोन शब्द. दिवाळीच्या सुमारास मध काढायला रात्री टेंभे लावून मोहोळं जाळतात, ते थांबवा. त्या एका मोहोळात तुमच्या शिवाराचं शेकडो वर्षांचं वेळापत्रक असतं. डाळिंबाचा बहर धरल्यावर फवारणी करायचीच असेल तर दिवस मावळल्यावर करा, माशी तोवर घरी परतलेली असते. बांधावरची बोर आणि हिवर ट्रॅक्टरला आडवी येते म्हणून तोडली जाते. आमच्या वाडीत गेल्या पाच वर्षांत रस्त्याकडेची सतरा झाडं गेली, मी मोजली आहेत. ती असती तर माझ्या अकरा पेट्यांच्या पंधरा झाल्या असत्या.

हे लिहितेय तेव्हा कडुनिंबाला मोहर आलाय. विहिरीच्या माशीनं आठ दिवसांपासून अंडी कमी केली आहेत, वहीत नोंद आहे. पुढच्या कार्तिकात माझ्याकडच्या तीन वसाहती विभागायच्या आहेत. माण, खटाव, आटपाडीतल्या ज्या कुणाला स्थानिक माशी हवी असेल, विशेषतः बायकांना, त्यांनी आपल्या दैनिकामार्फत निरोप पाठवावा. रिकामी पेटी आणि केळीचं सोपट घेऊन यायचं, संध्याकाळी मुक्कामाची तयारी ठेवायची, कारण पेटी पहाटे न्यावी लागते. पैसे नकोत. पुढची दोन वर्षं दर पौर्णिमेला पेटी उघडून काय दिसलं ते मला कळवायचं, म्हणजे वहीत आणखी पानं भरतील.

आपली,
एक मधपाळ शेतकरी महिला
ता. माण, जि. सातारा